ओळख शब्दांची : स्वाव्ह

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतला एक बी.कॉम. झालेला मुलगा विक्री प्रतिनिधीच्या मुलाखतीला गेला होता. अर्जात स्वतःविषयी त्याने एक शब्द लिहिला होता : एस, यू, ए, व्ही, ई. साहेबांनी तो मोठ्याने वाचायला सांगितला. पोरगा म्हणाला, 'सुएव्ह'. समोरचे तिघे एकमेकांकडे बघून हसले. नोकरी गेली ती गेलीच, पण पोरगा दोन दिवस घराबाहेर पडला नाही. "काका, तुम्हीच सांगितला होता ना हा शब्द?" असे त्याने विचारले, तेव्हा मला मान खाली घालावी लागली. मी शब्दकोशात अर्थ पाहिला होता, उच्चार पाहिलाच नव्हता.

तर वाचकहो, उच्चार आहे 'स्वाव्ह'. एका दमात म्हणायचा. अर्थ असा की, वागण्याबोलण्यात सफाईदार, अदबशीर, कुठे अडखळत नाही असा. बहुतेक वेळा पुरुषांविषयीच वापरतात. पण त्यात एक मेख आहे. हा शब्द दर वेळी कौतुकाचाच असतो असे नाही. 'गोडबोल्या' म्हणताना आपण कसे जरा सावध असतो? तसेच इथे. वरून गुळगुळीत, पोटातले कोणी पाहिले? म्हणून हा शब्द दुसऱ्याने आपल्याविषयी म्हणायचा, आपण आपल्या अर्जात लिहायचा नाही. तिथे साधा 'पोलाइट' पुरतो.

या शब्दाचे मूळ लॅटिन 'सुआविस', म्हणजे गोड. इंग्रजी 'स्वीट', संस्कृत 'स्वादु' आणि पाली 'सादु' ही सगळी त्याचीच भावकी. (वंदनेनंतर आपण तीनदा म्हणतो तो 'साधु' निराळा, त्याचा अर्थ चांगले.) मन वळवणे या अर्थाचा 'पर्स्वेड' हाही त्याच घरचा, गोडी लावून गळी उतरवायचे! म्हणजे ज्या शब्दावरून आमच्या पोराला हसले, त्याचा नातेवाईक 'स्वाद' आपल्या चुलीपाशी रोज बसलेला असतो.

याच्या जोडीचा 'अर्बेन' हा शब्द शहरावरून आला. आपल्याकडेही 'नागर' म्हणजे सुसंस्कृत आणि 'गावंढळ' ही शिवी. शब्द ठरवणारे कुठे राहत होते, ते यावरून कळते.

पोरगा येत्या सोमवारी दुसऱ्या मुलाखतीला जातो आहे. अर्जातला तो शब्द आम्ही दोघांनी बसून खोडला. उच्चार मात्र त्याने मोबाइलवर चारदा ऐकला. मीही ऐकला.