दोन घरचा पाहुणा उपाशी राहू नये

वसईचा पश्चिम पट्टा ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. पापडी, सांडोर, गिरीज, भुईगाव, निर्मळ, गास, नंदाखाल, आगाशी. एका चर्चचा मनोरा मागे पडला की थोड्या वेळात पुढचा दिसू लागतो. यातले प्रत्येक चर्च म्हणजे एक स्वतंत्र धर्मग्राम. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगतो, एका चर्चच्या हद्दीत राहणाऱ्या कॅथोलिकांचा समाज म्हणजे धर्मग्राम. त्याचे प्रमुख धर्मगुरू वेगळे, सण वेगळा, हिशेब वेगळा आणि अभिमानही वेगळा. क्रिकेटच्या मैदानावर तर हा अभिमान किती उसळतो ते विचारूच नका!

आणि तरीही शेजारच्या धर्मग्रामांनी युवकांचे काम एकत्र करायचे, ही रीत कॅथोलिक समाजात वाढते आहे. ती नियमाबाहेरची नाही. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेतच शेजारच्या धर्मग्रामांनी गट करून एकत्र काम करण्याची सोय आहे. देशपातळीवरची कॅथोलिक युवा चळवळही धर्मग्राम, विभाग आणि धर्मप्रांत अशा पायऱ्यांनी चालते. पण खरी वाढ वरच्या पायरीवर मोजायची नसते, मधल्या पायरीवर मोजायची असते. शेजारची दोन-तीन गावे एकमेकांना धरून चालतात की नाही, तिथेच काय ते कळते.

मंडळी, ही गरज आली कुठून? आपल्या वाडीतूनच आली. केळी, पानवेल, फुले, भाजी यांवर घर चालत होते तेव्हा पोरगा दिवसभर गावातच असायचा. संध्याकाळी हाक मारली की पंचवीस जण जमायचे. आता पोरगा पहाटेची लोकल पकडतो आणि रात्री परततो. मुलगी कॉलेज, क्लास, नोकरी यांत अडकलेली. काही जण परदेशी गेलेले. हाती उरतो एक रविवार. एका गावात सात-आठ जण जमले की गाणारा असतो तर पेटी वाजवणारा नसतो. तीन गावांचे मिळून वीस-पंचवीस झाले की सभेला सभेचे रूप येते. डहाणू-तलासरीच्या आदिवासी पट्ट्यात अडचण वेगळी. तिथे धर्मग्राम एकच, पण पाडे दूरदूर पांगलेले. गरज मात्र तीच, एकत्र येण्याची.

दुसरा फायदा मला याहून मोठा वाटतो. वसईत उत्तरेकडे सामवेदी, दक्षिणेकडे वाडवळी, किनाऱ्यावर कोळी अशी वस्ती. धर्म एक, पण बोली वेगळी, पेहराव वेगळा, आणि जुन्या काळी सोयरीकही आपल्याआपल्यातच. आजोबांच्या पिढीला शेजारचे गाव ठाऊक होते ते बाजारापुरते. नातवंडे आज एकाच बाकावर बसून एकमेकांच्या बोलीची थट्टा करतात, मग तीच बोली शिकतात. एवढे जरी झाले तरी पुष्कळ झाले.

आता कुणी म्हणेल, सगळे चांगले चालले आहे तर तुमचे दुखणे काय? दुखणे असे, की दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो. शिबिराला बस करायची, पैसे कोणी द्यायचे? या गावाला वाटते ते देतील, त्या गावाला वाटते हे देतील. हॉलची किल्ली एकाकडे, विजेचे बिल दुसऱ्याकडे. ज्या फादरांनी काम उभे केले त्यांची बदली झाली की नव्या फादरांना ते आपले वाटत नाही. मग वर्षभरात व्हॉट्सॲपचा ग्रुप तेवढा उरतो. गावातली वडीलधारी मंडळी तक्रार करतात, की पोरे बाहेर जातात आणि आपल्या सणाला मांडव घालायला माणूस मिळत नाही. ही तक्रार खोटी नाही.

याचे उत्तर आपल्याच मातीत आहे. बावखल म्हणजे काय हे वसईकराला सांगायला नको. कित्येक बावखले सामाईक होती. पाणी सगळ्यांचे, म्हणून गाळ काढणेही सगळ्यांचे. शेजाऱ्याशी अबोला असला तरी पाळी चुकत नसे. पाळी ठरलेली होती, म्हणून पाणी टिकले. पाळी विसरली गेली, तिथे बावखल आधी गाळाने भरले आणि मग मातीच्या भरावाने बुजले.

युवकांच्या कामालाही अशीच पाळी लावा. प्रत्येक पॅरिश कौन्सिलने वर्षाच्या सुरुवातीलाच आपला वाटा कागदावर लिहून द्यावा, मग तो थोडा का असेना. सभेची जागा दर महिन्याला फिरती ठेवावी. जबाबदार फादर एकच असावेत, आणि त्यांची बदली झाली तर कोण पाहील हे आधीच ठरावे. सोबत दोन जाणती माणसे, एक बाई आणि एक पुरुष, कायम हवीत. गटात अठरा वर्षांखालची मुलेमुली असतात. बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा सर्वांना लागू आहे आणि देवाचे काम त्याला अपवाद नाही. सभा अशा वेळी संपावी की लांबच्या गावची मुलगी उजेडात घरी पोचेल. आणि गावच्या सणाच्या आठवड्यात सामाईक कार्यक्रम ठेवूच नये. गावचा गट ही रोपवाटिका आहे, सामाईक काम हे शेत आहे. रोपवाटिका सुकली तर शेतात लावणार काय?

शेवटचा मुद्दा, एकत्र येऊन करायचे काय? नुसती गाणी आणि व्याख्याने झाली तर पोरे कंटाळणारच. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली युवकांना उद्देशून जे पत्र लिहिले त्यातही हाच इशारा आहे. युवकांना नुसते ऐकायला बसवू नका, कामात आणि निर्णयात बरोबरीने घ्या, असा त्याचा सूर आहे. आपल्याकडे उदाहरणांची वाण नाही. १९१८ साली वसईच्या कॅथोलिकांनी सहकारी पतसंस्था काढली, तिचीच पुढे मोठी बँक झाली. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात उतरले तेव्हा त्यांच्यामागे सर्व धर्मांची माणसे उभी राहिली. २०२४ साली फादर गेले. ते काम पुढे न्यायचे तर एका गावाचे सात-आठ जण पुरणार नाहीत. उरलेली बावखले साफ करणे, वाडीतला माल गावच्या नावाने बाजारात नेणे, एकट्या म्हाताऱ्यांची विचारपूस करणे ही कामे हद्द विचारत नाहीत. पावसाचे पाणी तुंबते तेव्हा तेही धर्मग्रामाची सीमा पाहून तुंबत नाही.

तेव्हा वाचकहो, तुम्ही पॅरिश कौन्सिलवर असाल तर पुढच्या बैठकीत एवढाच प्रश्न विचारा: सामाईक युवा कार्यासाठी आपला वाटा किती आणि आपली पाळी कधी? तुम्ही आईबाप असाल तर पोरीला शेजारच्या गावच्या सभेला जाऊ द्या, आणि एखाद्या रविवारी स्वतःही जाऊन बसा. आणि तुम्ही तरुण असाल तर बोलावण्याची वाट पाहू नका. पावसाळ्याआधी गाळ काढायचा असतो, नंतर नाही.