खापर मराठीवर नको!

आपल्या हैदराबादेतील मराठी घरात मूल वेळेवर बोलले नाही की निकाल ठरलेला असतो : ‘घरी मराठी, दारात तेलुगू, खेळायला हिंदी, शाळेत इंग्रजी, पोर गोंधळणार नाही तर काय?’ उपायही ठरलेला, घरातली मराठी बंद करा! आम्ही याचा स्पष्ट निषेध करतो. काचीगुडा, सुलतान बाजार भागात आपल्या कित्येक पिढ्या चार-चार भाषा बोलत वाढल्या. अनेक भाषा कानावर पडल्याने मूल मुके होत नाही, हे अभ्यासकांनीही वारंवार दाखवले आहे. आणि आलेले शब्द मूल विसरू लागले, तर तो भाषेचा गोंधळ मुळीच नव्हे. तो डॉक्टरकडे धाव घेण्याचा इशारा आहे.

रेट सिंड्रोमचेच पाहा. सहा ते अठरा महिन्यांपर्यंत नीट वाढणारी मुलगी शब्द विसरते, हातातली वस्तू धरेनाशी होते, हात सतत चोळत राहते. व्हिएन्नाचे डॉ. आंद्रेआस रेट यांनी १९६६ साली हे वर्णन केले. १९९९ साली डॉ. हुदा झोगबी यांच्या प्रयोगशाळेने त्यामागचे एमईसीपी-२ हे जनुक शोधले. साधारण दहा हजार मुलींत एखादीला हा विकार होतो. यातला जनुकबदल बहुतेक वेळा नव्यानेच घडलेला असतो, आईबापांकडून आलेला नसतो. म्हणजे ‘सुनेच्या माहेरचे खोट’ म्हणून ज्या माउलीला वर्षानुवर्षे टोमणे ऐकावे लागतात, तिला निर्दोष ठरवणारा कागद म्हणजे हाच तपासणी अहवाल!

फ्रॅजाइल एक्सची गोष्ट उलट आहे. हा विकार वंशातून येतो. १९९१ साली सापडलेल्या एफएमआर-१ जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. ही पुनरावृत्ती दोनशेच्या वर गेली की विकार होतो. ५५ ते २०० असेल तर आई स्वतः धडधाकट दिसते, पण मुलाकडे जाताना आकडा वाढू शकतो. मावशीला, मामेबहिणीला हे लग्नाआधी कळायला नको का? यासाठी स्वतंत्र डीएनए तपासणी लागते. इतर जनुकीय चाचण्या ‘नॉर्मल’ आल्या म्हणून सुटलो असे समजू नये.

‘नाव कळून उपयोग काय? औषध कुठे आहे?’ असे विचारले जाते. रेटसाठी ट्रोफिनेटाइड या औषधाला अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ते विकार मुळापासून बरा करत नाही, हे खरे. पण नाव कळले तर फिट्स, पाठीचा कणा आणि हृदय यांवर वेळीच लक्ष ठेवता येते. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात यादीतील आजारांना ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची सोय आहे. पण आजाराचे नावच माहीत नसेल, तर तो यादीत आहे की नाही हे पाहणार कसे?

आम्ही बँकेत काउंटरवर बसणारी माणसे. मूल अठरा वर्षांचे झाले की त्याच्या खात्यावर आईबापांची सही आपोआप चालत नाही. स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, सेरेब्रल पाल्सी यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समितीकडून पालकत्वाचा दाखला मिळतो. त्यासाठी वैद्यकीय कागद लागतात. ‘जरा मंद आहे’ एवढ्यावर कोणतेही कार्यालय दाखला देत नाही. लपवलेल्या आजाराची किंमत शेवटी त्या लेकरालाच मोजावी लागते.

लपवतो कशासाठी? तर धाकटीचे स्थळ मोडेल म्हणून! अहो, धाकटीचा खरा आधार अहवालच आहे. शंका ठेवून लग्न लावणे ही फसवणूक आहे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. मंडळाने वर्षातून एकदा जनुकतज्ज्ञांचे मराठीतून मार्गदर्शन ठेवावे. वधूवर मेळाव्यात घराण्याच्या कुजबुजीला थारा देऊ नये. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपण विचारावे : जनुकीय तपासणी जिल्हा रुग्णालयात मोफत कधी होणार? निम्स आणि सीडीएफडी ही दुर्मिळ आजारांसाठी केंद्राने नेमलेली जोडी आपल्याच शहरात आहे. त्यांच्या दारापर्यंत जायला आपल्याला लाज का वाटावी?

मराठी घरातच ठेवा. आजार मात्र घरात दडवू नका!