व्यापारी इमारतींत ताजी हवा आणि विजेची बचत यांबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
नागपूर महानगरपालिका,
सिव्हिल लाइन्स, नागपूर

विषय : व्यापारी इमारतींत ताज्या हवेचे किमान प्रमाण बंधनकारक करणे आणि त्यासाठी वीज वाचवणाऱ्या वायुवीजन पद्धतींचा अवलंब करणे.

महोदय/महोदया,

आम्ही खाली सह्या करणारे नागरिक सीताबर्डी, धंतोली, रामदासपेठ व सदर भागांतील कार्यालये, दुकाने, दवाखाने आणि शिकवणी वर्गांत काम करतो. काही जण तिथे शिकणाऱ्या मुलांचे पालक आहोत. आमचा बहुतेक दिवस बंद खोल्यांत जातो. त्या खोल्यांतील हवेकडे लक्ष वेधण्यासाठी हे निवेदन सादर करीत आहोत.

नागपूरने अनेक वर्षे नवतपा कूलरवर काढला. खिडकीतला कूलर बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून आत ढकलतो आणि आतली शिळी हवा दारावाटे बाहेर जाते. पण त्याला पाणी भरपूर लागते आणि पावसाळी दमटपणात तो निकामी ठरतो. त्यामुळे व्यावसायिक स्प्लिट एसीकडे वळले, यात नवल नाही. मात्र साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो. बाहेरची हवा आणण्याची सोय त्यात नसते. नव्या इमारतींच्या काचा उघडत नाहीत आणि जुन्या इमारतींतल्या खिडक्या गारवा टिकावा म्हणून प्लायवूड ठोकून बंद केल्या जातात. गारवा मिळाला, पण हवा बदलायची थांबली.

याचा परिणाम साध्या हिशेबाने कळतो. बसून काम करणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. २०० घनमीटरच्या पूर्ण बंद वर्गात ४० विद्यार्थी बसले, तर हे प्रमाण बाहेरच्या सुमारे ४२० पीपीएमवरून दहा मिनिटांतच १,००० पीपीएमच्या पुढे जाते. या पातळीचा वायू विषारी नसतो. पण इतरांनी सोडलेला श्वास आपण किती घेत आहोत, हे त्यावरून कळते. क्षयरोग आणि कोविड हवेतूनच पसरतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये कार्यालयांसारख्या जागांसाठी दर माणशी दर सेकंदाला किमान १० लिटर ताजी हवा सुचवली.

तरीही ‘खिडक्या उघडा’ एवढीच आमची मागणी नाही. त्याच वर्गाला सेकंदाला ४०० लिटर हवा द्यायची, तर बाहेर ४४ आणि आत २६ अंश असताना सुमारे ८ किलोवॅट उष्णता, म्हणजे दोन टनांहून अधिक एसीचा भार वाढतो. ही वीज फुकट येत नाही. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक केंद्रे शहराच्या उशाशीच आहेत. खोलीतली हवा सुधारण्यासाठी जादा कोळसा जाळला, तर बाहेरची हवा बिघडते आणि तीच पुन्हा आत घ्यावी लागते. त्यामुळे आरोग्य आणि विजेची बचत यांचा विचार नागपुरात एकत्रच करावा लागेल.

तसा मार्ग उपलब्ध आहे. बाहेर जाणाऱ्या थंड हवेकडून आत येणाऱ्या गरम हवेची उष्णता काढून घेणारी यंत्रे हा वाढीव भार बराच कमी करतात. कार्बन डायऑक्साइडच्या संवेदकावर चालणारे पंखे माणसे असतील तेवढीच हवा घेतात. हिवाळ्यात तर खिडकी उघडली की बिनखर्चात काम होते. एसीच्या तापमानातून होणारी बचतही इथे वापरता येईल : ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या अंदाजानुसार तापमान एका अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते.

कायद्याचा आधारही आहे. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ मध्ये वायुवीजनाचे निकष आहेत. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार वायुवीजनाची जबाबदारी मालकावर आहे. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, २०१७ मात्र १०० किलोवॅट जोडलेला भार किंवा १२० केव्हीए मागणी असलेल्या इमारतींपासून लागू होते. आमचे बहुतेक गाळे आणि वर्ग त्या मर्यादेच्या खालीच राहतात.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१. व्यापारी इमारतीच्या बांधकाम परवानगीसाठी प्रत्येक मजल्याच्या ताज्या हवेचा आराखडा मागवावा आणि भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी हवेचा प्रवाह प्रत्यक्ष मोजावा.

२. शिकवणी वर्ग, दवाखान्यांचे प्रतीक्षा कक्ष आणि ग्रंथालये यांत कार्बन डायऑक्साइड मापक सर्वांना दिसेल असा लावणे बंधनकारक करावे; १,००० पीपीएम ही कृतीची मर्यादा मानावी.

३. अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र जानेवारी व जुलैमध्ये सादर करावे लागते. त्याच वेळी वायुवीजन यंत्रणा आणि फिल्टर यांची तपासणी करावी. वेगळा परवाना लादू नये.

४. बाहेरून घेतलेल्या हवेसाठी पीएम २.५ अडवणारे फिल्टर सक्तीचे करावेत. नागपूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे. कूलरच्या ताट्या फक्त जाड धूळ अडवतात.

५. उष्णता परत मिळवणारी यंत्रणा बसवणाऱ्या, तसेच जिने, मार्गिका व गोदामांत एसीऐवजी कूलर वापरणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना मालमत्ता करात सवलत देण्याचा प्रस्ताव मांडावा. कूलरमधील डासअळ्यांची तपासणी मात्र कडक ठेवावी.

६. नीरी आणि व्हीएनआयटी यांच्या मदतीने मे, ऑगस्ट व डिसेंबर महिन्यांत निवडक इमारतींतील हवा व वीजवापर यांची पाहणी करावी आणि निष्कर्ष मराठीत जाहीर करावेत.

७. सुरुवात महापालिकेने स्वतःपासून करावी. मुख्यालय आणि दहाही झोन कार्यालयांत एसी २४ अंशांच्या खाली लावू नये आणि तिथल्या ताज्या हवेची मोजणी पहिल्या वर्षीच पूर्ण करावी.

यांपैकी पहिली, तिसरी व सातवी मागणी सध्याच्या प्रशासकीय प्रक्रियेतूनच मार्गी लागू शकते. त्यांवर पुढील उन्हाळ्यापूर्वी निर्णय घ्यावा आणि उर्वरित मागण्यांसाठी नगररचना, अग्निशमन, आरोग्य व विद्युत विभागांची संयुक्त बैठक बोलावून आमच्या प्रतिनिधींना चर्चेची संधी द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
स्वाक्षरीकर्ते नागरिक, नागपूर
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी :
१. मा. महासंचालक, महाऊर्जा, पुणे
२. मा. संचालक, नीरी, नागपूर
३. मा. अपर कामगार आयुक्त, नागपूर