रक्ताचा पट्टा कोणाचा?

सौसर, पांढुर्णा, मोहगाव ह्या भागांतील वाचकांना हे सांगावयास नकोच, की आपला ‘ळ’ हिंदी कागदावर फार काळ टिकत नाही. घरी काळे असलेला गृहस्थ नोंदवहीत ‘काले’ होतो. आजवर आपण हे हसून सोडून दिले. रक्ताच्या तपासणीत मात्र तसे सोडून चालत नाही.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सिकलसेल-निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभ झाला. ह्या व्याधीचा मध्य भारतातील पट्टा आपल्या मुलुखावरून जातो. पहिल्या चाचणीत संशय आला की खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिसचा आधार घेता येतो. क्षारधर्मी द्रावाने भिजलेल्या पट्टीवर रक्तातील हिमोग्लोबिन ठेवून विजेचा प्रवाह सोडतात. नेहमीचे ‘ए’ हिमोग्लोबिन धनाग्राकडे पुढे सरकते. सिकलसेलचे ‘एस’ ऋणभार कमी असल्याने मागे रेंगाळते. लिनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हा फरक दाखवून दिला. वाहकाच्या नमुन्यात ‘ए’ व ‘एस’ हे दोन्ही पट्टे उमटतात.

पण पट्टा कोणाचा, हे पट्टी सांगत नाही. यंत्राच्या कोष्टकात रांगेचा क्रमांक आणि टक्केवारी, एवढेच. वय, गाव आणि रक्त चढविल्याची तारीख ही सारी नोंदवहीत असतात. त्यांतील तारीख फार मोलाची. रक्त चढविल्यावर सुमारे तीन महिने दात्याचे ‘ए’ दिसत राहते आणि रुग्ण केवळ वाहक भासू शकतो! तान्ह्या मुलाचे वयही असेच, कारण त्याच्या रक्तात ‘एफ’ भरपूर असते.

ही दोन कोष्टके हल्ली संगणकाची आज्ञावली जोडते. सर्वांत सोपी रीत म्हणजे पहिल्या ओळीला पहिली ओळ, आणि तीच सर्वांत घातक. पट्टीच्या पहिल्या रांगेत पुष्कळदा तुलनेसाठी ओळखीचा नमुना असतो. नोंदवहीत तो नसतो. मग प्रत्येकाच्या कपाळी शेजाऱ्याचे रक्त येते, आणि संगणक चकार शब्द काढीत नाही. नावावरून जोडावे, तर काळे आणि काले ही त्याच्या लेखी दोन माणसे. उलट, एकाच नावाची दोन माणसे तर गावोगाव सापडतात.

म्हणून नमुना-क्रमांकच खरा. तोही अक्षरे म्हणून वाचावा, एरवी ‘००७’ चा ‘७’ होतो आणि जुळणी फसते. एकच क्रमांक दोनदा आला, तर एका नमुन्याच्या दोन ओळी तयार होतात. तेव्हा आज्ञावलीने जोडण्याआधी अशा जोड्या शोधून तेथेच थांबावे. जोडल्यानंतर ओळी पुन्हा मोजाव्यात. ज्यांना जोडीदार मिळाला नाही, त्या गुपचूप गाळू नयेत, निराळ्या काढून दाखवाव्यात. कित्येक तयार आज्ञा त्या मुकाट्याने गाळतात, हा माझा त्यांच्यावरचा मुख्य आक्षेप.

पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणी मूल रुग्ण असण्याचा संभव चारांत एक असतो. एखाद्या मुलीच्या नावापुढे शेजारणीचा निकाल चिकटला, तर तिचे लग्न विनाकारण मोडेल, किंवा जे बोलणे आधी व्हावयास हवे होते, ते होणारच नाही. तेव्हा न जुळलेल्या ओळींची ती यादी छापून गावच्या आशा कार्यकर्तीच्या हाती द्यावी. काले म्हणजे कोणत्या आळीतले काळे, हे तिला ठाऊक असते.