‘पाच किलोमीटर’ नावाचं खोटं

मी एका प्रवासाच्या वेबसाइटसाठी कोड लिहायचो. तिथल्या नकाशाचा बराचसा भाग माझ्या हातचा होता. एका पावसाळ्यात माझ्या नावावर एक तक्रार आली. एक गृहस्थ सत्तरीच्या आईला घेऊन नाणेघाटाच्या माथ्यावर गेले होते. दुपारचे चार वाजलेले, पाऊस वाढलेला. त्यांनी मोबाईलवर आमचा नकाशा उघडून ‘माझ्या जवळ’ दाबलं. नकाशाने एक राहायची जागा दाखवली, अंतर पाच किलोमीटर. त्यांनी लगेच पैसे भरले.

ती जागा होती घाटाच्या पायथ्याला, वैशाखऱ्याच्या बाजूला. म्हणजे हे देशावर आणि खोली कोकणात! मधे सह्याद्रीचा कडा. पायवाट आहे, सातवाहनांच्या काळापासून आहे, पण पावसात म्हाताऱ्या माणसाला घेऊन ती उतरायची नसते. गाडीने जायचं तर उलटं जुन्नरला या, तिथून माळशेज गाठा, मग धुक्यात तो घाट उतरा. ते रात्री साडेनऊला पोचले. तक्रारीत त्यांनी पैसे परत मागितले नव्हते. शेवटी एवढंच होतं, ‘आई घाटात रडायला लागली. तुमचं अंतर दुरुस्त करा.’

मी कोड तपासला. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, हॅवरसाइनचं सूत्र लावायचं, पृथ्वीच्या गोल पृष्ठावरचं सरळ अंतर काढायचं. उत्तर अचूक होतं. मी ‘अपेक्षेप्रमाणे चालतंय’ असा शेरा मारला आणि तक्रार बंद करून चहा प्यायला गेलो.

त्या शेऱ्याची मला आज लाज वाटते. आणि तो शेरा माझ्या एकट्याचा नाही, आख्ख्या धंद्याचा आहे, म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट. ‘पाच किलोमीटर’ हे अंतर कावळ्याचं आहे. माणूस रस्त्याने जातो. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. रस्त्याचं अंतर काढून देणाऱ्या सेवा आहेत, पण त्या दर विचारणेमागे पैसे घेतात. यादीत चाळीस जागा असतील तर चाळीस विचारणा. सरळ रेषा फुकट. म्हणून सरळ रेषा. शिवाय त्या रेषेने आकडा लहान दिसतो आणि लहान आकडा दिसला की माणूस बुकिंग करतो. ही चूक कुणालाच महागात पडत नव्हती, गाडीतल्या त्या आजी सोडून.

दुसरी गोष्ट. प्रवासाच्या बऱ्याच साइट्सवर मागचा नकाशा मुद्दाम फिका, राखाडी ठेवतात. आम्हीही ठेवला होता. डिझाइनवाले म्हणाले, रंग जास्त झाले तर पिना उठून दिसत नाहीत. म्हणून डोंगरांच्या छटा काढल्या, समोच्च रेषा काढल्या, ओढे काढले. शाळेच्या भूगोलात तुम्ही-आम्ही सगळेच शिकलो की समोच्च रेषा जवळजवळ आल्या म्हणजे उतार तीव्र. त्याचे मार्कही मिळवले. मग नोकरीला लागल्यावर त्याच रेषा मी एका ओळीत बंद केल्या. नाणेघाटाचा कडा आमच्या नकाशावर नव्हताच. होता एक सपाट राखाडी कागद आणि त्यावर भावाचे आकडे. तो नकाशा नव्हता, दुकानाची काच होती.

तिसरी गोष्ट, पिनांचा क्रम. स्क्रीन सहा इंचांची, त्यावर सगळ्या जागा मावत नाहीत. कुठली पिन आधी दिसणार आणि कुठली आकड्याच्या गोळ्यात दडपली जाणार, हे कुणीतरी ठरवतं. आमच्याकडे त्या हिशोबात कमिशनचा वाटा होता. गावातली मावशी घरगुती जेवण देते, दोन खोल्या भाड्याने देते. ती आमच्या यादीत नाही, म्हणून नकाशावर तिचं घरच नाही. तुम्हाला वाटतं, ‘इथे काहीच नाही’. खरं तर फक्त विकायला काही नाही.

यावर मित्र म्हणतात, मग काय कागदी नकाशे घेऊन फिरायचं? मुळीच नाही. मोबाईलवरच्या निळ्या ठिपक्यामुळे माझी आई पुण्यात कुणालाही न विचारता एकटी फिरते. तिचं ते स्वातंत्र्य मी काढून घेणार नाही. माझं भांडण नकाशाशी नाही. नकाशाचा वेश घातलेल्या जाहिरातीशी आहे. जाहिरातीवर आपण शंका घेतो, नकाशावर घेत नाही. आमची कमाई त्या विश्वासावर होती.

दुसरा बचाव असा, की हे सुधारणं खर्चिक आहे. हेही अर्धसत्य. ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासून आहे. त्याची माहिती कुणीही वापरू शकतं, त्यात भर घालू शकतं. त्यावर रस्त्याचं अंतर काढणारी मुक्त सॉफ्टवेअर आहेत, ती स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतात. फुकट नाही, पण ज्या कंपनीला ‘फक्त २ खोल्या शिल्लक’ हे लाल अक्षरांत लुकलुकवायला माणसं मिळतात, तिला यासाठीही मिळतील.

माझी मागणी तीनच गोष्टींची आहे. अंतर रस्त्याचं आणि वेळेत दाखवा. जमत नसेल तर ‘सरळ रेषेत’ हे दोन शब्द तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहा. डोंगर आणि पाणी नकाशावर परत आणा. आणि पैसे घेऊन वर आणलेल्या पिनेचा रंग वेगळा ठेवा.

तोवर तुमच्या हातात काय आहे? पैसे भरण्याआधी दोन्ही ठिकाणं दुसऱ्या नकाशावर टाकून रस्ता काढून बघा. उंचसखलपणा दाखवणारा थर चालू करा. आणि त्या जागेला फोन करून एकच प्रश्न विचारा, ‘आम्ही अमुक ठिकाणी आहोत, तुम्ही घाटाच्या वर की खाली?’ आपल्या भाषेत घाटमाथा, पायथा, देश, कोकण हे शब्द उगाच नाहीत. जिथे दोन गावं नजरेच्या टप्प्यात असून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर असतात, तिथल्या माणसांनी ते केले आहेत. आमच्या कोडमध्ये त्यांच्यासाठी जागा नव्हती.

नोकरी सोडण्याच्या आठवड्यात मी ती तक्रार पुन्हा उघडली. शेरा खोडून लिहिलं, ‘अंतर चुकीचं आहे. तक्रार बरोबर आहे.’ माझ्यानंतर कुणी ती परत बंद केली का, मला ठाऊक नाही.