किल्ल्यांचा जुडगा

दिवाळी जवळ आली, की आमच्या घरी दोन गोष्टी न चुकता बाहेर निघतात. एक, माळ्यावरचे डबे आणि दुसरी, माझी अक्कल. गेल्या दिवाळीत डब्यांच्या आधी अक्कल निघाली.

त्याचे असे झाले. आमच्या घरी पासवर्ड सांभाळण्याचे खाते माझ्याकडे आहे. बँक, वीज, गॅस, विमा, आयकर, झालेच तर सौ.चे साड्यांचे दुकान, अशा एकंदर 187 किल्ल्या मी एका ॲपमध्ये ठेवल्या होत्या. मुख्य पासवर्ड तेवढा आपण पाठ करायचा, बाकीचे ॲप सांभाळते. त्या ॲपने वर्गणी वाढवली आणि मी बिऱ्हाड हलवायचे ठरवले. हल्ली ही पाळी पुष्कळांवर येते. मायक्रोसॉफ्टने तर 2025 च्या ऑगस्टपासून आपल्या ऑथेंटिकेटर ॲपमधली पासवर्डांची कोठीच बंद केली!

काम वाटले त्याहून सोपे निघाले. जुन्या ॲपमध्ये ‘एक्स्पोर्ट’ दाबले, की सगळ्या किल्ल्यांची एक सीएसव्ही फाईल तयार होते. नव्या ॲपमध्ये ‘इम्पोर्ट’ दाबून ती दाखवली, की झाले! पाच मिनिटांत 187 किल्ल्या नव्या घरी पोचल्या.

मेख पुढेच आहे. ॲपमध्ये पासवर्ड असतात ते सांकेतिक लिपीत. चोराने पेटी पळवली तरी त्याला वाचता येऊ नयेत म्हणून. ही फाईल मात्र वाण्याच्या यादीसारखी उघडी असते. तूरडाळ एक किलो, साबण दोन वड्या, तसे बँकेचे नाव, माझे नाव, पासवर्ड! काम झाल्यावर ती आपणहून नाहीशीही होत नाही. ‘डाउनलोड्स’मध्ये मुकाट्याने पडून राहते. माझीही राहिली.

त्याच आठवड्यात जुना लॅपटॉप देऊन नवा घेण्याची सवलत सौ.ने हेरली होती. वसुबारसेच्या सकाळी माणूस दारात आला.

“काही पुसायचं राहिलंय का, काका?” त्याने विचारले.

“छे! फोटो कालच काढून घेतले,” मी ऐटीत म्हणालो. लॅपटॉप गेला.

सोऱ्या फिरवता फिरवता कन्या म्हणाली, “बाबा, ती एक्स्पोर्टची फाईल पुसलीत ना?”

एका पायात माझी आणि दुसऱ्या पायात शेजारच्या नानांची चप्पल घालून मी तीन जिने उतरलो. फाटकापाशी तो मोटारसायकल चालू करत होता.

“थांबा हो, त्यात माझी पेन्शन आहे!” एवढेच मला ओरडता आले.

भला माणूस थांबला. कन्येने लॅपटॉप वर नेऊन सगळाच कोरा केला. तोवर त्याने चहा घेतला आणि चार चकल्या संपवल्या.

तेव्हा वाचकहो, बिऱ्हाड हलवा, पण बेताने. ही फाईल स्वतःच्याच यंत्रावर काढा. व्हॉट्सॲपवरून किंवा ईमेलने ती कोणाला धाडू नका. नव्या ॲपमध्ये किल्ल्या मोजून घ्या, बँकेसारखी चार-पाच कुलुपे उघडून पाहा. पासकी नावाच्या नव्या किल्ल्या या फाईलीतून येत नाहीत, त्यांची सोय वेगळी करा. सगळे जमले, की फाईल पुसा, रीसायकल बिनमधूनही पुसा आणि जुने खाते सर्वांत शेवटी बंद करा. मध्ये उघडी फाईल न आणता किल्ल्या थेट, कुलूपबंद नेण्याची रीत फिडो अलायन्स या संस्थेने 2024 मध्ये मांडली आहे. ती सर्वत्र रुळेपर्यंत मात्र सावधपणाला पर्याय नाही.

रात्री सौ. म्हणाली, “परक्या माणसाला अख्खा जुडगा देऊन बसला होतात. उद्या तुम्ही आजारी पडलात, तर माझ्याकडे एक तरी किल्ली आहे का?”

मी निरुत्तर झालो. पाडव्याला तिने ओवाळले, तेव्हा तबकात साडीच्या पैशांबरोबर एक बंद पाकीट ठेवले. आत मुख्य पासवर्ड होता. तिने ते पाकीट दागिन्यांच्या कपाटात ठेवून दिले.

त्या कपाटाची किल्ली कुठे असते, हे मला अजून ठाऊक नाही.