राजीनामा

शीर्षक टाइप करताना अक्षरजुळणीच्या ताईंनी काळजीने फोन केला, ‘‘अंक सोडताय की काय?’’ नाही. कागद महागला, जाहिरातदार ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणू लागले, तरी आम्ही इथेच आहोत. यंदाच्या अंकाचा विषय तडजोड आहे, आणि तिच्यासाठी जुना मराठी शब्द हाच.

मराठेशाहीत वतनाचा, शिवेचा, पाटीलकीच्या मानपानाचा तंटा गोतसभेपुढे येई. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार अशी मंडळी बसत. पुरावा बघण्याआधी वादी-प्रतिवादी दोघांकडून एक कागद लिहून घेत: गोत देईल तो निवाडा आम्हाला मान्य. हा राजीनामा. मी राजी आहे, असं सांगणारा. पुढे साक्षी होत, कागद तपासले जात, कशानेच उलगडा झाला नाही तर दिव्य. तापलेल्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढायचा आणि मग हाताची तपासणी. शेवटी महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जाई. हरणाऱ्याने येजितखत लिहून द्यायचं, म्हणजे मी हरलो हे स्वहस्ते कबूल करायचं. सरकार जिंकणाऱ्याकडून हरकी नावाची रक्कम घेई, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी नावाचा दंड. त्यामुळे सरकार कधी हरत नसे. तेव्हा राजीनामा वाद सुरू होताना देत, आता खुर्ची सुटताना देतात. शब्दांचंही नशीब असतं.

या व्यवस्थेचे गोडवे गाणं फार सोपं आहे. पण गोतात बसायचा मान कोणाला होता आणि वेशीबाहेर उभं राहून निवाडा ऐकायची वेळ कोणावर येत होती, हे विचारलं की गाणाऱ्याचा आवाज खाली येतो. निवाडा देणारे पंच गावातले वजनदार, आणि त्यांच्या विहिरीवर, त्यांच्या खळ्यावर ज्याचं पोट, तो ‘मी राजी नाही’ म्हणणार कसा?

इंग्रजांची कोर्टं आली तेव्हा हे सुधारेल असं वाटलं होतं. झालं असं, की साहुकाराला कोर्टाची वाट सापडली आणि कुणब्याला तारीखही कळेना. एकतर्फी हुकूमनामे निघाले, जमिनी गेल्या. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी साहुकारांची कर्जखतं जाळली, आणि मग सरकारला 1879 सालचा दख्खनचा शेतकरी कायदा करावा लागला. दावा लावण्याआधी समेट घडवणाऱ्या पंचाकडे जायची सोय त्यात होती. त्याच दशकात पुण्यात सार्वजनिक काकांच्या पुढाकाराने लवाद कोर्ट चाललं. कोर्टाबाहेरचा न्याय ही परदेशातून आणलेली नवी कल्पना असल्यासारखी भाषणं आपण ऐकतो, म्हणून ही आठवण.

आज कोर्टाबाहेरच्या न्यायाची घरं अनेक आहेत. लवादात तिऱ्हाईत निर्णय देतो. मध्यस्थीत तो निर्णय देतच नाही. दोघांशी एकत्र बोलतो, गरज पडली तर एकेकाशी वेगळं बोलतो, आणि तिथलं बोलणं कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. 2023 साली मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाही झाला. सामान्य माणसाला मात्र ओळखीची आहे ती लोकअदालत. तिला कायद्याचा आधार देणारा अधिनियम 1987चा, अमलात आला 9 नोव्हेंबर 1995 रोजी. आपल्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात लोकअदालतीच्या दिवशी जाऊन पाहा. लग्नातल्यासारखा मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, बँकांचे अधिकारी फायलींचे गठ्ठे घेऊन, न वटलेल्या धनादेशांची प्रकरणं, थकलेली वीजबिलं, अपघाताच्या भरपाया. जमलं तर तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ, अपील नाही, भरलेली कोर्ट फी परत. नाही जमलं तर प्रकरण होतं तिथे परत. हा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘नाही’ म्हणून उठता आलं पाहिजे.

अशाच एका मांडवात मी एका बाईंच्या मागच्या खुर्चीवर बसलो होतो. नवरा अपघातात गेलेला. विमा कंपनीच्या वकिलाने आकडा सांगितला. बाईंच्या वकिलाने कानात सांगितलं की लढलो तर जास्त मिळेल, पण वेळ लागेल. बाईंनी विचारलं, ‘‘किती?’’ वकिलाने वर मांडवाकडे पाहिलं. बाईंनी सही केली. मोठ्याची कॉलेजची फी भरायची होती. ही तडजोड म्हणायची की हतबलता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. निकाली प्रकरणांच्या आकड्यात मात्र ती एकाने मोजली गेली.

घरची गोष्ट सांगतो. जमिनींच्या एकत्रीकरणात आमचा गट चुलत्यांच्या ताब्यात गेला आणि त्यांचा आमच्या. सातबारा एकाचा, नांगर दुसऱ्याचा. त्यावरून दोन पिढ्या तारखांना गेल्या. लाल फडक्यात बांधलेली ती फाईल दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी माळ्यावरून खाली यायची, झटकली जायची, पुन्हा वर जायची. 2023 साली सरकारने ‘सलोखा’ नावाची योजना आणली: बारा वर्षांहून जास्त काळ असा अदलाबदलीचा ताबा असेल तर हजार रुपये मुद्रांक शुल्क, हजार रुपये नोंदणी फी, आणि नावं ज्याच्या त्याच्या शेतावर. तलाठी आले, पंचनामा झाला. दोन्ही घरांनी वकिलांना जेवढं दिलं त्यात आणखी एक शेत आलं असतं, असं चुलता म्हणाला आणि बऱ्याच वर्षांनी आमच्या ओट्यावर बसून चहा प्यायला. बांधावरच्या बाभळीचं तेवढं राहिलंय.

नोंदणीच्या आदल्या रात्री आत्याचा फोन आला. आजोबा गेल्यावर दुसऱ्या दिवाळीत, भाऊबीज झाल्यावर दोन दिवसांनी, तिने हक्कसोडपत्रावर सही केली होती. तिला त्या दिवशी हिरवी साडी घेतली होती आणि येताना सगळ्यांनी मिळून उसाचा रस प्यायला होता. घरात कुणाचा आवाज चढला नव्हता, तंटा असा झालाच नव्हता.

‘‘उद्या माझी सही नाही का रे लागत?’’ तिने विचारलं.

‘‘नाही, आत्या.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली. ‘‘दादाला म्हणावं, भाऊबीजेला लवकर ये.’’